टेबलात आकडे आहेतच, मग ग्राफ कशाला? (दहावीतल्या लेकीचा प्रश्न)

पतपेढीवाला_बाबा

नमस्कार मंडळी, मुलगी यंदा दहावीला आहे. परवा रात्री आलेख कागद घेऊन बसली होती, दोन चलांतली रेषीय समीकरणं आलेखाने सोडवा वगैरे, आणि मध्येच वैतागून पेन्सिल फेकली. म्हणे बाबा हे मी तोंडी सोडवलं, उत्तर पण आलं, मग परत चार चार बिंदू शोधा, अक्षावर खुणा करा, कोपऱ्यात प्रमाण लिहा, रेषा ओढा हे कशासाठी? मी म्हटलं अगं मार्क असतात त्याला. (हे उत्तर देऊन मी स्वतःच जरा ओशाळलो.) तर म्हणे सांख्यिकीत पण तेच, आयतालेख काढा, वृत्तालेख काढा, आकडे तर वर टेबलात दिलेलेच असतात की, तेच परत चित्रात काढायचे म्हणजे डबल काम.

खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, दिवसभर आकडेच आकडे, पण ग्राफ म्हणाल तर फक्त वार्षिक अहवालात एक असतो ठेवी वाढल्याचा, तो पण छापखान्यातला मुलगा काढतो आणि दरवर्षी फक्त रंग बदलतो. आता शाळेतून प्रकल्प पण आलाय ‘विविध क्षेत्रांत आलेखांचा उपयोग’. नेटवरून छापून चिकटवायचं नाही असं तिला बजावलंय, पण मग खरोखर वापरतं कोण? म्हणजे ज्याचं ग्राफवाचून अडतं असा माणूस. इथे नाना कामांतले लोक आहेत म्हणून विचारतोय. ‘आलेखामुळे माहिती पटकन समजते’ हे वाक्य सोडून काहीही चालेल.

बिनफीचा_मास्तर

दादा आधी लेकीला माझ्याकडून शाबासकी. वीस वर्षं क्लास घेतोय, हा प्रश्न तोंडावर विचारणारी पोरं मोजून चार-पाच भेटली असतील, बाकीचे निमूट टिंबं जोडतात.

तिला एक करायला सांगा. फ्रान्सिस अॅन्सकोम्ब नावाचे एक संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७३ मध्ये मुद्दाम चार टेबलं बनवली. प्रत्येकात ११ जोड्या. चारही टेबलांत एक्सची सरासरी ९, वायची सरासरी ७.५, सहसंबंध गुणांक (एक्स आणि वाय एकमेकांबरोबर किती जुळून चालतात तो आकडा) ०.८२ च्या आसपास, आणि त्यातून काढलेली सरळ रेषा पण तीच, वाय बरोबर ३ अधिक ०.५ एक्स. म्हणजे तुमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला बेरजा मारून विचारलं तर तुम्ही म्हणाल चारही टेबलं सारखीच, एक ठेवा बाकीची फाडून टाका. आता आलेख कागदावर काढा. पहिल्यात बिंदू रेषेच्या आजूबाजूला पसरलेले, ठीक आहे, नेहमीचं. दुसऱ्यात चक्क कमान, सरळ रेषेचा संबंधच नाही. तिसऱ्यात सगळे शिस्तीत एका ओळीत आणि एकच पठ्ठ्या वर उडालेला. चौथ्यात तर दहा बिंदू एकाच उभ्या रेषेत एकावर एक आणि अकरावा लांब कोपऱ्यात, आणि ती जी तिरकी रेषा येते ना ती निव्वळ त्या एकट्यामुळे. टेबलं नेटवर सहज मिळतात, पण चित्र बघू देऊ नका, आकडे तेवढे वहीत उतरवून द्या आणि तिचं तिला काढू द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

सरासरी काय काय गिळते त्याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे २६ जुलै २००५. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. सरासरी काढा, ५०८ येईल. तो ५०८ मिमी पाऊस मुंबईत पडलाय कुठे? दोन स्तंभ शेजारी शेजारी काढले की कुलाब्याचा स्तंभ सांताक्रूझच्या पायाशी बसलेला दिसतो, आणि त्या दिवशी दक्षिण मुंबईतल्या ऑफिसातून लोक नेहमीसारखे निघाले आणि पुढे उपनगरात अडकले ते का, हे लक्षात येतं.

कट्ट्यावरचा_कप्तान

मुलीला क्रिकेट आवडतं का? वर्म ग्राफ दाखवा, म्हणजे ओव्हरगणिक एकूण रन किती झाले त्याची रेघ, २०११ च्या वर्ल्डकप फायनलचा. दोन्ही टीमची रेघ एकावर एक. लंकेची शेवटच्या पाच ओव्हरमध्ये कशी सटकन वर जाते बघा, साठच्या वर काढलेत तिथे. आपली सुरुवातीला ३१ वर २ आणि रेघ जमिनीला चिकटलेली, मग गंभीर-कोहलीनी हळूहळू उचलली आणि मग माहीचे नाबाद ९१. स्कोअरकार्डात २७४ आणि २७७ एवढंच दिसतं, पण आपण घरी नखं कधी खात होतो ते वर्ममध्येच दिसतं 😄

ताई_अंगणवाडीची

भाऊ तुम्ही विचारलंत ना की ग्राफवाचून कोणाचं अडतं, आमचं अडतं. मी अंगणवाडी सेविका आहे, सोळा वर्षं झाली. दर महिन्याला सगळ्या लेकरांची वजनं घ्यायची आणि वृद्धी आलेखावर टिंब द्यायचं. आडवं वय महिन्यात, उभं वजन किलोत. मुलींचं पान गुलाबी आणि मुलांचं निळं, कारण दोघांच्या रेषा वेगळ्या असतात. त्यावर पट्टे आहेत, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कमी वजन, त्याखाली केशरी म्हणजे खूपच कमी. आता पोषण ट्रॅकर मोबाईलवर आलंय, वजन टाकलं की रंग तोच सांगतो, पण मी आईला दाखवायला अजून कार्डावर पेनाने टिंब देते, कारण मोबाईल मी फिरवून दाखवला तर ती बाई मोबाईलकडे बघते, लेकराच्या रेघेकडे नाही.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न, टेबलात आकडे आहेतच की. आहेत ना, आमच्या रजिस्टरला आहेत. एक मुलगी होती आमच्याकडे, नवव्या महिन्यात ७.४ किलो, दहाव्यात ७.४, अकराव्यात ७.५. रजिस्टर बघाल तर काय दिसतं? तिन्ही महिने हिरव्यात, कोणी बोट ठेवणार नाही, वरून तपासायला आलेल्या मॅडमनी पण पान उलटलं असतं. पण कार्डावर तिची रेघ आडवी पडली होती आणि छापलेल्या रेषा वर चालल्या होत्या, म्हणजे ती होती तिथेच आणि पट्टा तिच्या अंगावर यायला लागला होता. अजून काही महिने असंच गेलं असतं तर ती पिवळ्यात गेलीच असती आणि मग सगळे म्हणाले असते अरे अचानक कसं झालं.

आणि त्याच वेळी एक मुलगा होता तो पिवळ्यातच होता, १२ व्या महिन्यात ७.२, मग ७.५, मग ७.८. रंग बघून सगळ्यांनी त्याच्या आईला बोलून बोलून रडवलेलं. मी तिला रेघ दाखवली, म्हटलं हे बघ तुझा पोरगा चढतोय, चाललंय ते चालू ठेव.

त्या मुलीच्या घरी गेले तर आई सकाळी भाजीच्या मार्केटला कामाला जायला लागली होती आणि आजी दिवसभर वरणाचं पाणी पाजत होती. पातळ, वरचं वरचं. आजीचं म्हणणं एवढुशी आहे तिला घास कसा जाईल. तिला तिथेच बसून खालचं घट्ट वरण, कुस्करलेला भात, वर तेलाची धार असं करून दाखवलं, पोरीनं सगळं खाल्लं. आजीला वजन काटा कळत नाही पण रेघ कळली, दुसऱ्या महिन्यात स्वतः कार्ड घेऊन आली आणि म्हणाली बघ गं चढली का.

एवढंच सांगायचं होतं, जरा लांबलं. टिंब कुठे आहे ते सगळेच बघतात, मी आधी बघते रेघ कुठे निघालीये.

पतपेढीवाला_बाबा

ताई तुमचं लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवलं. गप्प झाली जरा. मग म्हणाली म्हणजे चढ महत्त्वाचा, आम्हाला तो ‘एम’ म्हणून शिकवलाय, वाय बरोबर एम एक्स अधिक सी. मी म्हटलं असेल बुवा. नववीच्या विज्ञानात अंतर-काल आलेख होता त्यात पण चढ म्हणजे वेग असं काहीतरी होतं म्हणे. बरोबर का?

सेक्शन_कंट्रोल_निवृत्त

बरोबर आणि त्याच चढावर मी माझी अख्खी नोकरी काढली. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होतो. आमच्या टेबलावर भला मोठा कागद अंथरलेला असायचा, आम्ही चार्टच म्हणायचो त्याला. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि स्टेशनं अशी समान अंतरावर नाहीत बरं का, दोन स्टेशनात जेवढे किलोमीटर त्या मापात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एका दिशेच्या गाड्या वर चढणाऱ्या, उलट दिशेच्या खाली उतरणाऱ्या. रेघ जितकी उभी तितकी गाडी जोरात, मालगाडीची रेघ लोळत लोळत जाते, आणि रेघ आडवी झाली की समजायचं गाडी स्टेशनात उभी आहे, डब्यातले प्रवासी शिव्या देतायत आणि थोड्या वेळाने फोन येणार.

आता एकेरी लाइनचा सेक्शन घ्या. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी आहे, गणपतीत गावी जाणाऱ्यांना कुठल्यातरी छोट्या स्टेशनात पाऊण तास ‘क्रॉसिंग आहे’ म्हणून बसल्याचा अनुभव असेलच. चार्टावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदतात, आणि जिथे छेदतात तिथे स्टेशनच असलं पाहिजे. दोन स्टेशनांच्या मध्ये छेदत असतील तर… सांगायला नको. सिग्नल आणि ब्लॉक (दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी) असं होऊ देत नाहीतच, पण मग कुठली तरी एक गाडी बाहेर सिग्नलला खोळंबणार. म्हणून आम्ही पुसट पेन्सिलने पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज आधीच ओढून ठेवायचो, स्टेशन मास्तरचा फोन आला की खरी वेळ टाकून रेघ पक्की करायची. एक गाडी २० मिनिटं लेट झाली की तिची रेघ उजवीकडे सरकते आणि तिचे छेदनबिंदू सगळे हलतात, मग कोणाला कुठे धरायचं ते ठरवायचं, आणि ठरवायला वेळ किती तर पुढचा फोन वाजेपर्यंत.

मुलीला विचारा, दोन रेषीय समीकरणं आलेखाने सोडवताना छेदनबिंदू काढतेस ना, तेच हे. हेच वेळापत्रकाच्या टेबलावरून करायला बसलात तर तीस गाड्या, पंधरा स्टेशनं, डोकं भंजाळेल. आता सगळं कॉम्प्युटरवर झालंय पण स्क्रीनवर चित्र तेच आहे, तिरक्या रेघांचं.

नाइट_ड्यूटी

स्टाफ नर्स आहे, लेबर रूमला. अंगणवाडीच्या ताईंनी लिहिलं तसंच आमचं पार्टोग्राफ. बाळंतपणाला आलेल्या बाईचं गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते उभं, तास आडवे. त्यावर दोन तिरक्या रेषा आधीच छापलेल्या, एक सतर्कतेची आणि तिच्या चार तास उजवीकडे दुसरी, कृतीची. ४ सेंमीनंतर तासाला साधारण १ सेंमी प्रगती धरलीये. बाईची रेघ पहिल्या रेषेच्या डाव्या बाजूला चालली तर ठीक, ओलांडून उजवीकडे आली की कान टवकारायचे, मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं का याचा विचार तेव्हाच सुरू करायचा, दुसऱ्या रेषेपर्यंत वाट बघत बसायचं नाही.

ही रेषांची कल्पना १९७२ मध्ये ऱ्होडेशियात म्हणजे आताच्या झिंबाब्वेत फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी मांडली, लांबच्या दवाखान्यातल्या सुइणीला डॉक्टर शेजारी नसताना कळावं की आता हलवायला पाहिजे. मला हे फार आवडतं, कारण रात्री अडीचला मी नवीन असताना डॉक्टरला फोन करायची भीती वाटायची, काय सांगू, ‘सर मला बरोबर वाटत नाहीये’? पण ‘सर रेषा ओलांडलीये’ म्हटलं की कोणी वसकन ओरडत नाही. (आता नव्या मार्गदर्शिकेत तक्ता बदललाय, पण आम्ही यावरच शिकलो.)

ईसीजी तर ग्राफच आहे. कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन ठोक्यांच्या उंच टोकांमध्ये मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्याने भागा, चार चौकोन आले तर ठोके ७५. दहावीची मुलगी आरामात करेल, आजोबांचा जुना ईसीजी असेल घरात तर द्या तिला. ठोके नियमित असले पाहिजेत हं, नाहीतर हा हिशेब चुकतो.

आणि प्रकल्पात फ्लोरेन्स नाइटिंगेल घ्याच. सगळ्यांना दिवेवाली बाई माहीत, ग्राफवाली माहीत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक मरत होते ते कशाने, तर जानेवारी १८५५ या एका महिन्यात जखमांनी ८३ आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी २७६१. तिने १८५८ मध्ये बारा महिन्यांच्या बारा पाकळ्यांचं एक चित्र काढलं, रोगाचा रंग निळा, जखमांचा लाल. जानेवारीची निळी पाकळी एवढी मोठी आणि लाल शोधावी लागते. लंडनमधल्या मंत्र्यासंत्र्यांना टेबलं वाचायला वेळ नव्हता, हे त्यांना बघावंच लागलं.

उलटतपासणी

सगळं गोडगोड चाललंय म्हणून जरा खडा टाकतो. ग्राफ जितका पटकन समजतो तितकाच पटकन फसवतो. मूळ पोस्टवाल्या दादांना एक प्रश्न, तुमच्या वार्षिक अहवालातल्या ठेवींच्या ग्राफचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? बघून सांगा.

समजा ठेवी ४२, ४४, ४६ कोटी आहेत. अक्ष ४० पासून सुरू केला की स्तंभांची उंची २, ४, ६. तिसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट, सभासद खूश, टाळ्या. खरी वाढ किती तर ४२ वर ४, साडेनऊ टक्के. खोटं एक अक्षर नाही लिहिलेलं, आकडे पण स्तंभाच्या डोक्यावर छापलेले असतील, तरी डोळा उंचीच धरतो. म्हणून दहावीच्या पुस्तकात ती अक्षसंकोचाची खूण आहे ना, नागमोडी, ती काढायला पोरं हमखास विसरतात आणि अर्धा मार्क जातो, तो अर्धा मार्क जावाच असं माझं मत आहे. टीव्हीवर निवडणुकीच्या दिवशी ती खूण कोणी काढत नाही.

थ्रीडी वृत्तालेख तर कायद्याने बंद करावा. पुढचा तुकडा उगाच मोठा दिसतो. पापडाचे तुकडे बघून कोणाला कितवा वाटा आला सांगता येतं का?

बिनफीचा_मास्तर

उलटतपासणी, पूर्ण सहमत नाही. शून्याचा नियम स्तंभांना, कारण तिथे आपण लांबी वाचतो. रेघेच्या ग्राफमध्ये चढउतार वाचायचा असतो, तिथे शून्यापासून सुरू केलं तर उलट काहीच दिसणार नाही. तापाचा चार्ट शून्य अंशापासून काढा बरं, ९८ आणि १०३ मध्ये केसाएवढा फरक दिसेल आणि पेशंट जाईल.

आणि स्केल कुठलं घ्यायचं हे पण प्रश्नावर असतं. २०२० मध्ये कोरोनाचे ग्राफ आठवा, उभ्या अक्षावर १०, १००, १०००, १०००० अशा समान अंतरावर खुणा. लोक म्हणत होते रेघ तर सरळ जातीये, आटोक्यात आहे. सरळ जातीये म्हणजे ठरावीक दिवसांनी दुप्पट होतंय, हे कोणी मोठ्याने सांगितलंच नाही. मी माझ्या सासऱ्यांना समजावता समजावता थकलो, शेवटी तांदळाचे दाणे मांडले.

कॉमर्सवाल्या पोरांची एक वेगळीच गंमत. गणितात शिकलो की कारण आडव्या अक्षावर, परिणाम उभ्या. मग पुढे अर्थशास्त्रात मागणी वक्र येतो, किमतीमुळे मागणी बदलते म्हणतात आणि किंमत काढतात उभ्या अक्षावर. जुने अर्थशास्त्रज्ञ मार्शल साहेब, त्यांच्यापासून पडलेली सवय, आता कोण बदलणार.

यंत्रशाळा

फसवणुकीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे न काढलेली टिंबं. अमेरिकेचं चॅलेंजर यान, २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात अंतराळवीर गेले. बूस्टरच्या (यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या) सांध्यातल्या रबरी रिंगा थंडीत ताठर झाल्या आणि सांधा गळला. आदल्या रात्री कंपनीचे इंजिनियर फोनवर सांगत होते उडवू नका, थंडी फार आहे. दाखवलं काय, तर ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली होती तेवढीच. त्यात एक ५३ फॅरनहाइटला आणि एक ७५ ला. मग समोरचा म्हणणारच की थंडीतही झालं, उन्हातही झालं, संबंध कुठे आहे?

ज्या उड्डाणांत काहीच झालं नाही त्यांची टिंबं कोणी टाकलीच नाहीत. ती नंतर चौकशी आयोगाने टाकली. ६५ च्या खालच्या चारही उड्डाणांत इजा, वरच्या वीसेक उड्डाणांत फक्त तीन वेळा. आणि त्या सकाळचा अंदाज होता ३१ च्या आसपास, म्हणजे जवळपास शून्य सेल्सियस. ते टिंब कागदावर डावीकडे इतकं लांब पडतं की तिथपर्यंत कोणी कधी गेलेलंच नव्हतं. मी ट्रेनी पोरांना हे दोन्ही ग्राफ फळ्यावर काढून दाखवतो, आधी सात टिंबांचा, मग सगळ्यांचा. ‘जिथे बिघाड नाही तिथलं रीडिंग कशाला लिहायचं सर’ हा प्रश्न त्यानंतर येत नाही.

उलटतपासणी

हे उदाहरण सगळीकडे ‘एक ग्राफ काढला असता तर सात जीव वाचले असते’ म्हणून फिरतं, ते मला पटत नाही. इंजिनियरांना धोका कळला होता, त्यांनी नको म्हणूनच सांगितलं होतं, वरच्यांवर वेळापत्रकाचं दडपण होतं आणि निर्णय त्यांनी फिरवला. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे कसलाही ग्राफ ठेवा.

यंत्रशाळा

हे मान्य. तरी माझ्या हातात ऐकणाऱ्याचा कान नाही, रीडिंग लिहायची वही आहे, म्हणून मी वहीबद्दल बोलतो.

पतपेढीवाला_बाबा

चार दिवसांनी येतोय, माफ करा, मार्चएंडची गडबड. आधी उलटतपासणी साहेबांना उत्तर: बघितला अहवाल. अक्ष शून्यापासून नाहीये. गेली सहा वर्षं नाहीये, आणि मुद्रितशोधन मीच करतो 🙏 छापखान्यातल्या मुलाला विचारलं तर म्हणे शून्यापासून काढला तर सगळे स्तंभ सारखेच दिसतात काका, कशाला मग ग्राफ. यावर काय बोलणार. यंदा मी शून्यापासून काढायला सांगितलाय, संचालक मंडळ काय म्हणतं बघू.

मुलीचं सांगतो. चार टेबलं काढून झाली, चौथा ग्राफ काढल्यावर ‘हे चीटिंग आहे’ म्हणाली. आजोबांचा ईसीजी सापडला, कागद पुसट झालाय पण चौकोन मोजता आले, ठोके ७१ का ७२ यावर आईशी भांडण झालं. पण खरी गंमत प्रकल्पाची. तिने ठरवलं की घरातलंच काहीतरी काढायचं, म्हणून फाइलमधून दोन वर्षांची लाइट बिलं काढली. बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचे स्तंभ छापलेलेच असतात, मी एवढी वर्षं बिल भरतो, त्यांच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं, खालची रक्कम आणि तारीख एवढंच. तिने आडवे महिने घेऊन दोन वर्षांच्या दोन रेघा काढल्या, एक निळी एक लाल. मे महिन्यात दोन्ही वर, कूलर. पावसाळ्यात दोन्ही खाली. आतापर्यंत ठीक.

मग म्हणाली बाबा, फेब्रुवारीत आपण मामाच्या लग्नाला नऊ दिवस गावी होतो ना, घर बंद होतं. मग इथे खड्डा का नाही? बघितलं तर खरंच, जानेवारी १४२, फेब्रुवारी १३८. मी हा आकडा बिलावर वाचलाय, भरलाय, वहीत टाकलाय, आणि कमी आलं म्हणून मनात बरं पण वाटलं होतं. नऊ दिवस फ्रिज सोडून सगळं बंद होतं, तर निदान तीसेक युनिट तरी कमी यायला हवे होते. ती म्हणे काहीतरी आपण नसताना पण चालू असतं. दोन दिवस शोधाशोध. शेवटी रात्री सगळे झोपल्यावर बायकोला मोटरचा आवाज आला. वरच्या टाकीला ऑटो स्विच आहे, पाणी खाली गेलं की मोटर आपोआप सुरू होते, आणि मागच्या संडासातल्या फ्लशचा फ्लोट बसत नव्हता, पाणी सारखं झिरपत होतं, अगदी बारीक, भांड्याच्या कडेने, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नव्हतं. म्हणजे आम्ही लग्नात जेवत होतो तेव्हा इकडे मोटर टाकी भरत होती आणि फ्लश रिकामी करत होता.

प्लंबरने १८० रुपये घेतले.

बिनफीचा_मास्तर

वा! पण दादा, एका टिंबावरून निष्कर्ष काढू नका हं. फेब्रुवारीला दुसरंही कारण असू शकतं, रीडिंग अंदाजे घेतलं असेल, बिलाच्या तारखा मागेपुढे झाल्या असतील. तुम्ही गावी होतात ते नऊ दिवस नक्की कुठल्या बिलात आले ते तपासलं का तिने?

पतपेढीवाला_बाबा

हे वाचून दाखवलं तर उठून बिलावरच्या रीडिंगच्या तारखाच काढून बसली. चालू रीडिंग १९ फेब्रुवारी, आम्ही गेलो ९ ला आणि आलो १८ ला रात्री. म्हणजे नऊच्या नऊ त्याच बिलात. रीडिंगचा फोटो पण आहे बिलावर, अंदाजे नाही.

तरी ती म्हणते सर बरोबर आहेत, एक टिंब पुरत नाही. एप्रिलमध्ये पंखे वाढतील म्हणून तुलना कशाशी करायची ते तिने आधीच लिहून ठेवलंय, मागच्या वर्षीच्या एप्रिलशी, आणि रोज सकाळी सातला मीटरचं रीडिंग घ्यायचं काम माझ्याकडे दिलंय. आज तिसरा दिवस. काल विसरलो होतो तर टिंबाच्या जागी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय तिने.

ताई_अंगणवाडीची

विसरलेल्या दिवसाचं टिंब अंदाजाने टाकू नका म्हणावं तिला. आमच्याकडे त्याच्यावरून फार बोलणी खाल्लीत 😊